डॉ. हेन्री फोल्ड्स : बोटांच्या ठशांना बोलतं करणारा डॉक्टर



बोटांवरचे शंख आणि चक्र मोजणं हा मुलांचा आवडता उद्योग. कुणाला सात चक्रं, कुणाला तीन, कुणाला एकही नाही. मग आजी सांगते, इतकी चक्रं असली की राजा होतो! राजा होणं न होणं बाजूला ठेवू. पण याच रेघांवरून माणूस ओळखता येतो, आणि पुसट, तेलकट ठशावरूनसुद्धा ओळखता येतो, हे ज्याने जगाला जाहीरपणे सांगितलं तो माणूस कोण होता? त्याचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही. आजचा पाठ त्याच्यावर आहे. मुलांना हा पाठ गोष्टीसारखा सांगता येईल. शेवटी वर्गात करण्यासारखे दोन उपक्रम दिले आहेत, तेही जरूर बघा.

थोडक्यात ओळख

नाव : डॉ. हेन्री फोल्ड्स
जन्म : १ जून १८४३, बीथ, स्कॉटलंड
व्यवसाय : डॉक्टर, मिशनरी
काम केलेली ठिकाणं : दार्जिलिंग, टोकियो, इंग्लंड
महत्त्वाचं काम : गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशांवरून माणूस ओळखण्याची कल्पना मांडणारा पहिला प्रसिद्ध लेख, १८८०
मृत्यू : २४ मार्च १९३०, वोल्स्टँटन, इंग्लंड

तेराव्या वर्षी शाळा सुटली

हेन्रीच्या घरची परिस्थिती बिघडली आणि तेराव्या वर्षी त्याला शाळा सोडावी लागली. तो ग्लासगो शहरात गेला आणि कारकुनी करू लागला. आपल्या वर्गातही अशी मुलं असतात, ज्यांच्या शाळेवर घरची अडचण पहिल्यांदा येऊन पडते. हेन्रीने मात्र पुस्तक कायमचं मिटलं नाही. एकविसाव्या वर्षी तो पुन्हा शिकायला बसला. ग्लासगो विद्यापीठात गणित आणि तर्कशास्त्र शिकला, नंतर अँडरसन्स कॉलेजातून वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाला.

डॉक्टर झाल्यावर पहिली कामगिरी कुठे मिळाली माहीत आहे? आपल्या भारतात! १८७१ मध्ये चर्चने त्यांना दार्जिलिंगला पाठवलं. तिथे गरिबांच्या दवाखान्यात त्यांनी दोन वर्षं काम केलं. १८७३ मध्ये त्यांची जपानसाठी नेमणूक झाली. त्याच वर्षी इझाबेला विल्सन यांच्याशी लग्न झालं आणि डिसेंबरमध्ये नवरा-बायको जपानला निघाले.

त्सुकिजीचा दवाखाना

१८७४ साली हे दोघं टोकियोला पोहोचले. शहरात त्सुकिजी नावाचा भाग होता, तिथे परदेशी लोकांना राहायची परवानगी असे. फोल्ड्स यांनी तिथे दवाखाना उघडला आणि जपानी विद्यार्थ्यांना वैद्यकशास्त्र शिकवायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेआधी जंतूंचा नाश करण्याची जोसेफ लिस्टर यांची पद्धत तेव्हा नवीन होती. ती जपानी डॉक्टरांपर्यंत नेण्यात फोल्ड्स यांचा वाटा आहे. ते जपानी भाषा चांगली बोलायला शिकले. अंध व्यक्तींसाठी काम करणारी संस्था १८७५ मध्ये उभी राहिली, तिच्या स्थापनेतही ते होते. १८८२ पर्यंत दवाखान्यात वर्षाला सुमारे १५,००० रुग्ण येऊ लागले होते.

हे सगळं मुद्दाम सांगतोय. ठशांचा शोध हा या माणसाचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. दिवसभर रुग्ण तपासून उरलेल्या वेळात त्यांनी हा अभ्यास केला.

मातीच्या खापरावरची बोटं

१८७७ मध्ये एडवर्ड मोर्स हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जपानमध्ये आले. रेल्वेने जाताना खिडकीतून त्यांना ओमोरी गावाजवळ शिंपल्यांचा एक ढिगारा दिसला. तो प्रागैतिहासिक काळातला निघाला. तिथे उत्खनन सुरू झालं आणि मातीच्या भांड्यांची खापरं सापडू लागली. मोर्स आणि फोल्ड्स यांची मैत्री होती, त्यामुळे ही खापरं फोल्ड्स यांच्या हातात आली.

खापरं बघताना त्यांचं लक्ष एका बारीक गोष्टीकडे गेलं. माती ओली असताना घडवणाऱ्याची बोटं तिच्यात उमटली होती. हजारो वर्षं उलटली, माणूस गेला, त्याचं नाव गेलं, गाव गेलं. पण बोटांवरच्या रेघा तशाच! आपल्या कुंभारवाड्यातली पणती किंवा माठ हातात घेऊन नीट बघा, कधीकधी तिथेही असं बोट उमटलेलं सापडतं. आपण पाहतो आणि ठेवून देतो. फोल्ड्स यांना मात्र प्रश्न पडला. प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या असतात का? आणि त्या आयुष्यभर तशाच राहतात का?

मग त्यांनी स्वतःचे, मित्रांचे, विद्यार्थ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. शाई लावायची, कागदावर बोट टेकवायचं आणि भिंगाखाली ताडून बघायचं. कुणाचा ठसा कुणाशी जुळेना. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी धाडसी प्रयोग केला. त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपल्या बोटांवरच्या रेघा वस्तऱ्याने खरवडून काढल्या आणि कातडी भरून यायची वाट पाहिली. नवीन कातडीवर जुनीच नक्षी परत आली, एकही रेघ इकडची तिकडे नाही! (हा प्रयोग मुलांना फक्त सांगायचा आहे, करायचा नाही. हे वर्गात दोनदा सांगा.)

असं का होतं? या रेघांचा साचा वरच्या कातडीत नसतो, तो खालच्या थरात असतो. आईच्या पोटात असताना, सहावा महिना सरायच्या आतच तो तयार झालेला असतो. म्हणून वरची कातडी गेली तरी साचा शाबूत राहतो. जुळ्या भावंडांचेही ठसे वेगळे असतात, कारण पोटात वाढताना दोघांच्या बोटांवर पडणारा दाब आणि वाढीचा वेग अगदी सारखा नसतो.

पहिला उपयोग कशासाठी झाला?

शिक्षकांनो, या ठिकाणी वर्गात थोडं थांबा. ठसे म्हटलं की मुलं लगेच म्हणतात, चोर पकडायला! पण फोल्ड्स यांच्या गोष्टीत काय झालं बघा.

टोकियोत एक चोरी झाली. कुणीतरी पांढऱ्या भिंतीवरून चढून गेलं होतं आणि काजळीने माखलेल्या बोटांचे ठसे भिंतीवर राहिले होते. संशय एका माणसावर होता. फोल्ड्स यांनी भिंतीवरचे ठसे आणि त्या माणसाचे ठसे ताडून पाहिले. जुळले नाहीत. या पुराव्याने तो माणूस निर्दोष असल्याचं दिसून आलं. म्हणजे ठशांनी सुरुवातीलाच एका निरपराध माणसाला वाचवलं.

दुसरा प्रसंग दवाखान्यातला. औषधासाठी ठेवलेलं स्पिरिट कुणीतरी चोरून पीत होतं. भांड्यावर तेलकट बोटांची खूण राहिली होती. फोल्ड्स यांच्याकडे आधीच घेतलेले ठसे होते, त्यांच्याशी ती जुळली आणि पिणारा सापडला.

दोन्ही प्रसंगांत एक सारखेपणा आहे. ठसा कुणी शाई लावून मुद्दाम दिलेला नव्हता. तो नकळत राहून गेला होता, काजळीचा किंवा नुसत्या तेलकटपणाचा. नकळत राहिलेला ठसा हासुद्धा पुरावा आहे, ही फोल्ड्स यांची खरी देणगी.

एक पत्र आणि मोठा वाद

१८८० मध्ये फोल्ड्स यांनी चार्ल्स डार्विन यांना पत्र लिहून ही कल्पना कळवली. डार्विन तेव्हा म्हातारे होते, तब्येत बरी नव्हती. त्यांनी ते पत्र आपल्या नात्यातल्या फ्रान्सिस गाल्टन यांच्याकडे पाठवलं. पुढे ते बरीच वर्षं पडून राहिलं. इकडे २८ ऑक्टोबर १८८० च्या ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात फोल्ड्स यांचा लेख छापून आला. गुन्हेगार ओळखायला ठसे वापरता येतील असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

महिन्याभरातच त्याच साप्ताहिकात दुसरं पत्र आलं. ते होतं विल्यम हर्शेल यांचं. हर्शेल बंगालमध्ये सरकारी अधिकारी होते. १८५८ मध्ये जंगीपूरला त्यांनी राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला होता आणि करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला होता. पुढे १८७७ मध्ये हुगळीला पेन्शन देताना, दस्त नोंदवताना आणि तुरुंगातही ते ठसे घेऊ लागले. आपण हे फोल्ड्स यांच्या कितीतरी आधीपासून करतोय, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग खरा मान कुणाचा? तुम्हीच ठरवा. हर्शेल यांनी आधी वापर केला, पण सही खरी की खोटी हे ठरवण्यासाठी. फोल्ड्स यांनी आधी प्रसिद्ध केलं, आणि गुन्ह्याच्या जागी राहिलेला ठसा वाचायची कल्पना मांडली. गाल्टन यांनी १८९२ मध्ये ठशांवर ग्रंथ लिहिला, त्यात मानाचं पान हर्शेल यांना मिळालं. फोल्ड्स मागे पडले.

भारतातल्या आणखी दोघांची नावं मुलांना सांगायलाच हवीत. कलकत्त्यात एडवर्ड हेन्री हे पोलीस अधिकारी होते. त्यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस काम करत. हजारो ठशांमधून हवा तो ठसा शोधायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. हक यांना गणित उत्तम येत होतं. दहा बोटांवरच्या नक्षीवरून ठशांचे १,०२४ गट पाडायची पद्धत तयार झाली. त्यामुळे कपाटात नेमका खण उघडता येऊ लागला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय सुरू झालं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये असं कार्यालय आलं ते १९०१ मध्ये. पद्धतीला नाव मात्र हेन्री यांचंच मिळालं.

एका अंगठ्यावर फाशी?

फोल्ड्स १८८६ मध्ये इंग्लंडला परतले. त्यांनी स्कॉटलंड यार्डला आपली पद्धत देऊ केली, पण ती नाकारली गेली. पुढे ते स्टोक-ऑन-ट्रेंट भागात डॉक्टर म्हणून काम करू लागले आणि पोलिसांसाठीही वैद्यकीय काम करत राहिले.

१९०५ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात एका दुकानाचे व्यवस्थापक आणि त्यांची पत्नी यांचा खून झाला. पैशांच्या पेटीवर अंगठ्याचा एक ठसा सापडला. तो आल्फ्रेड स्ट्रॅटन याच्या अंगठ्याशी जुळला. आल्फ्रेड आणि त्याचा भाऊ आल्बर्ट दोघांनाही फाशी झाली. ब्रिटनमध्ये ठशाच्या पुराव्यावर झालेली खुनाची ही पहिली शिक्षा मानली जाते.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही, विचार करायची गोष्ट आहे. ज्या माणसाने ही कल्पना मांडली तो या खटल्यात पोलिसांच्या बाजूने नव्हता, आरोपींच्या बचावासाठी मदत करत होता! फोल्ड्स यांचं म्हणणं होतं की दहाही बोटं जुळली तर खात्री धरा, पण एका बोटाच्या एका पुसट ठशावर माणसाचा जीव घेऊ नका. काही लोक म्हणाले, मान मिळाला नाही म्हणून हा रागावलाय. तसा राग होता, त्यात शंका नाही. पण त्यांची शंकाही पोकळ नव्हती. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांच्या तपासात एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने चुकीच्या माणसाशी जुळवला. एका निरपराध वकिलाला सुमारे दोन आठवडे अटकेत काढावे लागले. नंतर स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. ठसा खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो. पण ठसा वाचणारा माणूसच असतो, आणि माणूस चुकतो.

न दिसणारा ठसा चमकतो कसा?

फोल्ड्स यांना दिसले ते काजळीचे आणि तेलकट ठसे. पण बहुतेक ठसे डोळ्यांना दिसतच नाहीत. घाम, तेल आणि मिठाचा तो अतिशय पातळ थर असतो. साधी पद्धत म्हणजे बारीक पूड हलक्या ब्रशने फिरवायची. पूड ओलसर रेघांना चिकटते. पांढऱ्या कपावर काळी पूड छान दिसते. पण बिस्किटाच्या रंगीबेरंगी पुड्यावर? तिथे काळी पूड लावा नाहीतर पांढरी, छापलेल्या चित्रात ठसा हरवून जातो.

इथे मदतीला येते प्रतिदीप्ती, म्हणजेच फ्लुओरेसन्स. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश घेतात आणि दुसऱ्या रंगाचा देतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण किंवा निळा प्रकाश घेतात आणि हिरवा, पिवळा, नारिंगी असा कमी ऊर्जेचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणाला हे नाव जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दिलं. तुम्ही हे रोज पाहता. पिवळा हायलायटर असाच चमकतो. पाचशेच्या नोटेचे आकडे अतिनील दिव्याखाली चमकतात. स्टेजवरच्या जांभळ्या दिव्यात पांढरा शर्ट लखलखतो, कारण धुण्याच्या पावडरीत तसे पदार्थ असतात.

आता तसाच पदार्थ ठशाला चिकटवला तर? खोली अंधारी करायची, निळा दिवा लावायचा आणि नारिंगी काचेचा चष्मा घालायचा. परत येणारा निळा प्रकाश चष्मा अडवतो, ठशातून निघणारा पिवळा-नारिंगी प्रकाश मात्र आत सोडतो. पुड्यावरचं चित्र काळोखात जातं आणि फक्त रेघा चमकतात. कॅमेऱ्यावरही तसाच फिल्टर लावून फोटो घेतात.

ही वाट कशी तयार झाली तेही थोडक्यात सांगतो. १९७७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी लेसरच्या प्रकाशात ठसे आपले आपणच मंद चमकतात असं दाखवलं. त्याच दशकाच्या शेवटी जपानमध्ये लक्षात आलं की सुपरग्लूची वाफ ठशावर पांढरी होऊन बसते. मग त्या पांढऱ्या थरावर रोडामाइन ६जी सारखा चमकणारा रंग चढवू लागले. कागदासाठी डीएफओ नावाचं रसायन आलं. ते घामातल्या अमिनो आम्लांशी जुळतं आणि ठसा चमकतो. आपल्या घरातली हळदही या कुटुंबातली बरं का! तिच्यातलं कर्क्युमिन अतिनील प्रकाशात हिरवट पिवळं चमकतं. हळदीची पूड वापरून ठसे उठवण्याचे प्रयोगही भारतात झाले आहेत.

शेवटची वर्षं

फोल्ड्स आपल्या कामाचा मान मिळावा म्हणून लिहीत राहिले, पुस्तकं काढली, वाद घातले. २४ मार्च १९३० रोजी वोल्स्टँटनला ८६ व्या वर्षी ते गेले. हयातीत त्यांना हवा तो मान मिळाला नाही. त्यांचं थडगंही दुर्लक्षित राहिलं. १९८७ मध्ये ठसेतज्ज्ञांनीच पुढाकार घेऊन ते दुरुस्त केलं. आज त्यांच्या जन्मगावी आणि टोकियोतही त्यांचं स्मारक आहे.

आपल्यासाठी यात काय आहे?

आज रेशन दुकानात अंगठा, बँकेत अंगठा, आधारला दहाही बोटं. आणि शेतात, बांधकामावर राबणाऱ्या माणसाचा, किंवा आजीचा अंगठा मशीन कित्येकदा घेत नाही, कारण रेघा झिजलेल्या असतात. फोल्ड्स यांच्या प्रयोगावरून आपल्याला कळतं की खालचा साचा शाबूत असेल तर रेघा परत येतात. पण रोजच्या रोज झीज होत असेल तर त्यांना परत यायला सवडच मिळत नाही, आणि वय वाढलं की कातडीही पातळ होते. म्हणून मशीनने अंगठा घेतला नाही म्हणजे तो माणूस खोटा, असं होत नाही. मुलांच्या मनात हे आजपासून रुजवा. ज्या विद्येने सुरुवातीलाच एका निर्दोष माणसाला सोडवलं, तिच्याच नावाने कुणाचं धान्य अडता कामा नये. अशा वेळी डोळ्यांची बुबुळं, मोबाइलवरचा ओटीपी असे दुसरे मार्ग असतात. घरच्यांना ते मागायला सांगा.

वर्गातले उपक्रम

१) कागदावर शिसपेन्सिल गडद घासा. त्यावर बोट घासा, बोटावर चिकटपट्टी लावून अलगद काढा आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. भिंगातून बघा. चक्र, शंख, कमान असे गट करा आणि वर्गाचा तक्ता मांडा. तास संपला की प्रत्येकाचा ठसा त्याला परत द्या. ठशांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ठसा ही मुलाची खाजगी गोष्ट आहे.

२) नोटा तपासायचा छोटा अतिनील दिवा मिळाला तर अंधाऱ्या खोलीत हायलायटरची रेघ, नोट आणि तेलात कालवलेली हळद दाखवा. दिवा शिक्षकांनीच धरायचा, कुणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही.

मुलांना विचारा

• खापरावरचा ठसा हजारो वर्षं टिकला, काचेवरचा का पुसला जातो?
• नवीन कातडीवर जुनीच नक्षी का आली?
• रंगीत पुड्यावर चमकणारी पूड का लागते?
• एका ठशावर शिक्षा द्यावी का? दोन्ही बाजूंनी बोला.

शेवटच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना भरपूर वाद घालू द्या. तुमच्या वर्गात कोण काय म्हणालं ते जरूर कळवा.